पितळ उघडं पडेपर्यंत

कुडाळला मुकादमांच्या दुकानात तीन मशीन होती.
आठ इंची चकतीचं दाखवून पोरगा म्हणाला,
हेच घ्या काका, पॉवर आहे.
पॉवर कुणाला हवी होती?
मला करंगळीएवढ्या तुकड्याचं टोक सरळ करायचं होतं,
दार नव्हतं तासायचं.

खिशातून रुपया काढला, टेबलावर कडेवर उभा केला,
म्हटलं, आता चालू कर.
पहिल्यावर रुपया लगेच आडवा.
दुसऱ्यावर लंगडत काठापर्यंत गेला नि खाली उडी.
तिसरं पाच इंची, सगळ्यांत स्वस्त, रंग मिरचीचा.
मी वीसपर्यंत मोजलं.
रुपया उभाच.
मुकादम चष्म्यावरून बघत होते.
"चाळीस वर्सा दुकान चलयतंय, ह्या कधी बगूक नाय."

वेंगुर्ल्यात लोखंड एका रात्रीत गंजतं.
म्हणून टेबलावर मेणबत्ती घासतो,
मोटारीवर जुनी लुंगी.

आधी काचेवर पॉलिशपेपर चिकटवून हातानंच घासायचो.
हाताला वाटतं, आपण सरळ चाललोय.
तो खोटं बोलत नाही, पण त्याला मनगट आहे.
माझ्या पहिल्या पेनाच्या जोडात नख शिरायचं.
पोस्टातल्या आजगावकरबाईंनी ते घेतलं, फिरवलं,
म्हणाल्या, छान आहे हो,
मुंग्यांची सोय झाली.

तर,
लाकडात पितळेची नळी चिकटवलेली असते,
लाकूड नळीहून केसभर लांब.
नळीत दांडी, दांडी ठोकळ्यात, ठोकळा गुण्यात.
गुण्यागोविंदानं राहा, म्हणतात मोठी माणसं.
गोविंदाचं मला माहीत नाही,
गुण्या मात्र शर्टाच्या खिशात असतो.
चकतीच्या डाव्या अंगाला धरायचं, तिथे ती खाली उतरते,
तुकडा टेबलावर बसवून ठेवते.
उजवीकडे धरलात तर तुकडा कौलात.
(माझ्या कौलात एक आहे अजून. फणसाचा.)
दाबायचं नाही, टेकवायचं.
दाबलं की नळी तापते, गोंद सुटतो,
करपल्याचा वास बायको विहिरीवरून ओळखते.
काजऱ्याचं लाकूड असेल तर तोंडाला दुहेरी फडकं,
ते विष आहे, दिसायला कितीही देखणं असो.
आणि पितळ उघडं पडलं की थांबायचं.
पुरतं गोल कडं दिसायला हवं, कुठे तुटक नको,
पण दिसलं की थांबायचं.
माणसांच्या बाबतीत आपण तिथून सुरुवात करतो.

इनास फर्नांडिसनं होडी विकायला काढली
तेव्हा सुकाणूच्या दांड्याचा वीतभर तुकडा घेऊन आला.
"ह्येचा पेन कर. कागदार सही करूक."
जिथे त्याचा तळवा बसायचा तिथे लाकूड काळं झालेलं.
चकतीवर टेकवलं
तर आधी खारा वास, मग मोरीच्या तेलाचा,
लाकडाचा सगळ्यांत शेवटी.
पेपर सारखा भरत होता.
जुन्या स्लिपरच्या रबरानं खरवडला, पुन्हा धरलं.
वरचा तुकडा फुटला, दुसरा कापला.
काळा भाग खाली घेतला, बोटं येतात तिथे.
जोडावरून नख फिरवलं.
अडलं नाही. पुन्हा फिरवलं.

कचेरीत पेन त्याच्या खिशातच राहिलं.
कारकुनानं स्वतःचं पुढे केलं, मागे लाइन होती,
इनासनं सही ठोकली.
"इसारलंय," म्हणाला बाहेर आल्यावर.
मी काही विचारलं नव्हतं.

हल्ली त्या पेनानं तो कॅलेंडरवर
भरती-सुकतीच्या वेळा लिहितो.
आकडे सगळे एका बाजूला कललेले.
परवा रिफिल संपली म्हणून आला,
नवी घालून दिली.
पायरी उतरताना म्हणाला,
"फाल्या पावणेचाराक सुकती."